कपाटात कोण गातंय?

तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता बेडरूममधलं कपाट उघडलं, कारण आतून कुणीतरी गात होतं. अगदी बारीक आवाजात, पण तालासुरात. काकू भुताखेतांना भिणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी पैठणीच्या घडीखाली हात घातला तर काकांची लोकरी कानटोपी लागली. कानटोपीत गुंडाळलेला हेडफोन, हेडफोनची वायर पत्त्यांच्या कॅटाएवढ्या एका काळ्या डबीत, आणि डबी बिनदिक्कत चालू. काकू बंद करायचं बटण शोधताहेत तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "हात लावू नकोस! अजून साठ तास व्हायचेत!"

आता मला सांगा, बँकेतून निवृत्त झालेला, संकष्टी करणारा, कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारा माणूस. त्यानं बायकोच्या कपाटात गाणं डांबून ठेवावं?

मी मुद्दाम चौकशी करायला गेले नव्हते. काकूच बोलल्या. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यात बोलल्या, आणि तीन मजले चढायचे होते म्हणून सविस्तर बोलल्या. नवा हेडफोन म्हणे आणल्या आणल्या ऐकायचा नसतो. आधी शंभरेक तास वाजत ठेवायचा, म्हणजे आतला पडदा मोकळा होतो आणि आवाज 'खुलतो'. आपण लोणच्याची बरणी दादरा बांधून मुरायला ठेवतो तसं. यंत्रं लावून मोजणाऱ्यांना मुरलेल्या आणि न मुरलेल्या हेडफोनांत म्हणण्यासारखा फरक सापडत नाही. शंभर तासांत मुरतो तो बहुधा ऐकणाऱ्याचा कान. पण काकांना हे कोण सांगणार? बरणी अवेळी उघडली म्हणून काकूंशी दोन दिवस अबोला.

बरं, ही डबी, म्हणजे गाणी वाजवायचा प्लेअर, पहिली असती तर समजून घेतलं असतं. ही तिसरी! पहिलीची बॅटरी फुगली, दुसरी मनातून उतरली, आणि तिसरी घरात आली ती "पाहुण्यांनी दिली" असं सांगून. पाहुणे कोण, ते काकू अजून शोधताहेत.

खिशात फोन असताना ही थेरं कशाला, असं मी काकांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "अगं, फोनवर गाणं ऐकणं म्हणजे एसटी स्टँडवर ध्यानाला बसणं. इकडे मारवा चढत असतो आणि तिकडून सिलिंडर पोचल्याचा मेसेज 'टिंग' करतो." खोटं का बोला, हे मला पटलं. शिवाय फोनवाल्यांनी हेडफोनचं भोकच बुजवून टाकलं. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ते काढलं तेव्हा ॲपलच्या माणसानं व्यासपीठावरून त्याला 'धैर्य' असं नाव दिलं होतं. आमच्याकडे लिफ्टचं काम अर्धवट टाकून गेलेल्या माणसानं निदान एवढा मोठा शब्द वापरला नव्हता.

पण या छंदातल्या लोकांचे खर्च ऐकलेत का? खुर्चीत नीट बसा. सोनीनं २०१६ मध्ये एक वॉकमन काढला, एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड नावाचा. त्याचं अंग तांब्याचं आणि तांब्यावर सोन्याचा मुलामा. वजन ४५५ ग्रॅम! म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीला जरा कमी. अमेरिकेत किंमत ३,२०० डॉलर. खिशात ठेवला तर विजार खाली येईल आणि गळ्यात घातला तर सोनसाखळीवाले मागे लागतील. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच कंपनीनं जपानात ६४ जीबीचं एक मेमरी कार्ड आणलं होतं, १८,५०० येनचं. साध्या कार्डाच्या कितीतरी पट महाग. वैशिष्ट्य काय, तर त्यातून विजेची कुरकुर कमी होते म्हणून गाणं चांगलं वाजतं. कार्डातून! म्हणजे उद्या मनिऑर्डर चांगल्या पोस्टमननं आणली तर रक्कम वाढेल.

आणि ते 'हाय-रेझोल्युशन' प्रकरण. सीडीवरचं गाणं सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून साठवलेलं असतं. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढ्याला ही मोजणी पुरून उरते. यांना हवं १,९२,०००. त्यात ९६,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज मावतात, ते वटवाघळांच्या उपयोगाचे. वय वाढलं की कानाचं वरचं टोक आधी झिजतं. काकांना तर कुकरच्या तिसऱ्या शिट्टीबद्दल रोज काकूंची साक्ष काढावी लागते. तरी काका जुन्या लाखेच्या तबकडीवरून उतरवलेलं नाट्यपद १९२ मध्येच ऐकतात. तबकडीची खरखर आता इतकी स्वच्छ ऐकू येते की मधूनमधून गाणं आड येतं.

याहून मोठं पाप आमच्या बी विंगमधल्या एका प्राध्यापकांनी केलंय. त्यांच्याकडे १२८ केबीपीएसच्या हजारभर जुन्या एमपीथ्री होत्या, पूर्वी स्टेशनबाहेर दीडशे गाण्यांच्या सीड्या मिळायच्या त्यांतल्या. त्यांनी त्या सगळ्या संगणकावर फ्लॅकमध्ये बदलून घेतल्या, कारण फ्लॅक उत्तम असं कुणीतरी म्हणालं. उत्तम खरंच. सीडीवरचा एक कणही न गमावता जागा सुमारे निम्मी करणारा प्रकार आहे तो. पण एमपीथ्री करताना जे फेकून दिलं ते फेकून दिलं. पाणी घातलेलं दूध चांदीच्या पेल्यात ओतलं म्हणून त्यावर साय धरते का? फाईली चौपट-पाचपट फुगल्या, आवाज होता तिथेच. प्राध्यापक मात्र पाहुण्यांना डोळे मिटायला सांगून विचारतात, "फरक जाणवतो ना?" पाहुण्यांना चहा हवा असतो, ते जाणवतो म्हणतात.

तुम्ही म्हणाल, ही आजकालची खुळं. अहो, हे यंत्र जन्मापासूनच चर्चेचं! १ जुलै १९७९ ला पहिला वॉकमन जपानात विक्रीला आला तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि ऐकणाऱ्या दोघांना हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता यायचं. एकट्यानंच कानात गाणं घालून बसणं असभ्य दिसेल, अशी सोनीच्या अकिओ मोरितांना धास्ती होती. लोकांनी त्यांची धास्ती पहिल्या काही महिन्यांतच निकालात काढली. एकट्यानं ऐकण्यासाठीच तर घेत होते सगळे. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. काकूंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "ते बटण ठेवायला हवं होतं गं. मी दाबलं असतं."

मग २३ ऑक्टोबर २००१ ला आयपॉड जाहीर झाला. पाच जीबीत हजार गाणी. देखणा, गुळगुळीत, आणि बॅटरी आत बंद. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या नाइस्टॅट बंधूंनी त्याच्या जाहिरातींच्या पोस्टरांवर छापे मारत फिरत एक छोटी फिल्म केली: ही न बदलता येणारी बॅटरी फक्त अठरा महिने टिकते म्हणून. केवढा गाजावाजा! आणि मायक्रोसॉफ्टच्या झून प्लेअरचं तर लग्नात वीज जावी तसं झालं. ३१ डिसेंबर २००८ ला सकाळी ३० जीबीचे झून जगभर एकाच दिवशी गोठले. कारण काय, तर ते लीप वर्ष होतं, आणि वर्षाला ३६६ वा दिवसही असतो हे आतल्या घड्याळाच्या गणिताला उमगलंच नाही. उपाय असा सांगितला गेला की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला दुपारनंतर चालू करा. म्हणजे थर्टीफर्स्टच्या रात्री नाचायला उभे राहिलेले लोक, आणि प्लेअर अमावास्येच्या उपासाला.

म्हणून म्हणते, प्लेअर निवडताना स्थळ बघतो तसं बघावं. रंगरूपावर भाळू नये, आधी प्रकृतीची चौकशी. बॅटरी बदलून मिळते का आणि कोण बदलून देतो? लिथियमची बॅटरी वापरा न वापरा, काही वर्षांत थकतेच. ती चिकटवून टाकलेली असली की सगळा संसारच मोडीत. कार्ड घालायला जागा आहे का? खरी बटणं आहेत का? काकांच्या दुसरीला नुसती काच होती. लोकलच्या गर्दीत खिशात तिला धक्का लागायचा आणि कुमार गंधर्व अर्ध्या तानेत असताना गणपतीची आरती सुरू व्हायची. देवनागरी अक्षरं उमटतात का, हेही दुकानातच बघून घ्यावं, नाहीतर सगळी गाणी चौकोन-चौकोन-प्रश्नचिन्ह अशी दिसतात. आणि एक खास आपल्या गाण्यासाठीची परीक्षा. विलंबित आणि द्रुत अशा दोन फाईली लागोपाठ लावून पाहा. एमपीथ्री बनताना फाईलच्या टोकांना थोडी शांतता चिकटते. चांगला प्लेअर ती गिळून टाकतो, हलका प्लेअर उचकी देतो. ऐन समेवरून उडी घ्यायच्या क्षणी उचकी! तबलजीनं केलं असतं तर पुन्हा बोलावलं नसतं.

यात सगळ्यात सुखी कोण माहितीये? पहिल्या मजल्यावरच्या आजी. नातवानं त्यांना कारवां आणून दिलाय. सारेगामानं २०१७ मध्ये काढलेला तो रेडिओसारखा दिसणारा, पाच हजार गाणी आधीच भरलेला. आजी गोल खटका फिरवतात, गाणं लागतं, आजी मटार सोलतात. दर्दी मंडळी आजींकडे करुणेनं बघतात. आजी त्यांच्याकडे बघतच नाहीत.

आता खरी भानगड. ही मंडळी ऐकतात किती, माहीत नाही, पण जमवतात किती! काकांचं कार्ड एक टीबीचं. साध्या गणितानं ३२० केबीपीएसची सुमारे सात हजार तासांची गाणी त्यात मावतात. रोज चार तास ऐकली तरी पावणेपाच वर्षं. त्याआधीचं कार्ड आलं होतं एका फुटपाथवरून, पाचशे रुपयांत, आणि पुढे जे झालं ते बोलण्यासारखं नाही, म्हणून सांगतेच. अशा कार्डात जागा असते ३२ जीबी, पण ते संगणकाला स्वतःची ओळख एक टीबी अशी करून देतं. गाणी जातात, नावं दिसतात. खरी जागा संपली की पुढची गाणी नुसती नावापुरती, नाहीतर आधीच्यांवरच बसवलेली. काकांनी तीन रात्री जागून मल्लिकार्जुन मन्सूर भरले आणि चौथ्या दिवशी आख्खं घराणं निःशब्द झालं. नवं कार्ड आणलं की आधी काठोकाठ भरून, परत वाचून बघायचं असतं. त्यासाठी फुकटची साधनं मिळतात. मूळ गाणी संगणकावर होती म्हणून वाचले. आता काकांनी आणखी एक प्रत डिस्कवर करून लेकीकडे बदलापूरला ठेवलीय. लेकीला वाटतं त्यात घराची कागदपत्रं आहेत.

आणि जमवाजमवीचा माल येतो कुठून? इथे मात्र आवाज खाली करते. खाजगी मैफिली! कुणाच्या तरी दिवाणखान्यात साठ-सत्तरच्या दशकात कुणीतरी स्पूलवर उतरवलेलं गाणं. ते स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर आलं आणि प्रत्येक वळणावर एकच वाक्य बोललं गेलं: "तुम्हाला म्हणून देतोय, पुढे कुणाला देऊ नका." त्यामुळे ते दादरपासून धारवाडपर्यंत सगळ्यांकडे असतं. देवाणघेवाणीचे भावही ठरलेले. एका न ऐकलेल्या केदाराला दोन मारवे. काका एकदा सकाळी फिरायला म्हणून गेले आणि ठाण्याला कुणाला तरी भेटून पिशवीत चार कॅसेट घेऊन आले. पिशवी दुधाची होती. दूध नव्हतं.

एवढं जमवलं, तर निदान नीट लावून ठेवा! पण तिथे जी अनागोंदी आहे, ती बघून माझी आई पाट घेऊन रडायला बसली असती. प्रत्येक एमपीथ्रीच्या पोटात तिची चिठ्ठी असते, टॅग म्हणतात तिला. १९९६ मध्ये ही सोय निघाली तेव्हा चिठ्ठी फाईलच्या शेवटच्या १२८ बाइटांत बसवली होती आणि नावाला जागा होती ३० अक्षरांची. 'भारतरत्न पंडित भीमसेन जोशी' हे रोमन लिपीत लिहून बघा, ३२ अक्षरं होतात. शेवटची दोन गेली! आणि संगीताचा प्रकार लिहायला शब्द नाही, नुसता आकडा. ठरावीक ८० प्रकारांपैकी एक. त्या ८० मध्ये 'डेथ मेटल' आहे, 'प्रँक्स' आहे, ख्याल नाही, नाट्यगीत नाही, लावणीचं तर नावच काढू नका. शून्य आकडा ब्लूजचा. म्हणून ज्या फाईलीत कुणी काहीच भरलं नाही आणि खाना नुसता शून्य राहिला, ती ब्लूज ठरली. काकांच्या संग्रहात अर्धं किराणा घराणं अजून ब्लूज गातंय. पंचाहत्तर आकडा पोल्काचा, म्हणजे युरोपातला एक नाच. कुणाचं तरी बोट घसरलं असणार, पण काकूंनी पडद्यावर हिराबाई बडोदेकरांच्या नावापुढे ते वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, यात शिंप्याची बिलंही ठेवता? पोलकं कुणाचं हे?"

नंतरच्या चिठ्ठ्यांत जागा वाढली, देवनागरीही लिहिता येऊ लागली, पण भरणारा माणूस तोच. त्यामुळे मन्सूर एका स्पेलिंगनं एक आणि दुसऱ्या स्पेलिंगनं दुसरे. किशोरी आमोणकर तीन आहेत: एक किशोरी, एक किशोरीताई, एक गानसरस्वती. मुळात 'आर्टिस्ट' या एका खान्यात लिहायचं कुणाला, हाच वाद. आकाशवाणीवर गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक असे तिघं सांगायची आपली रीत. तिघांना एका खुर्चीत बसवा म्हटलं तर कोण उठणार? काकांनी भावगीतं संगीतकारावर लावली, प्राध्यापकांनी कवीवर, आणि दोघं एकमेकांना अडाणी समजतात.

पण कळस झाला तो गीतरामायणाचा. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली गदिमा आणि सुधीर फडक्यांची ती ५६ गाणी. काकांनी भक्तिभावानं कार्डात घातली, क्रमांक घालायला विसरले. यंत्रानं ती आपली अक्षरांच्या ओळीनं लावली. रामनवमीला सकाळी स्नान करून काका बसले, बटण दाबलं, आणि रामाचं स्वयंवर झालं. जन्म व्हायचा होता अजून! भरताची समजूत काढून झाली, निरोपाचं गाणंही होऊन गेलं, आणि मग बऱ्याच वेळानं राम जन्मला. कुश-लवांनी ज्या गाण्यानं सुरुवात करायची ते जवळजवळ शेवटाला. काकू नैवेद्य घेऊन उभ्याच. "जन्म झाला की सांगा," म्हणाल्या, आणि नैवेद्यावर पंचा टाकून स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हापासून काका प्रत्येक फाईलच्या नावाआधी ०१, ०२ घालतात. शंभराच्या वर जाणार असेल तर ००१.

या सगळ्याला पहिल्यांदा शिस्त लावली ती गायिका गौहर जाननं, असं माझं मत आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात तिची ध्वनिमुद्रणं झाली. साचे जर्मनीत हॅनोवरला जायचे आणि तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गाणं संपलं की ती खणखणीत इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. झालं, चिठ्ठी फाईलच्या शेवटी! ना ३० अक्षरांची अट, ना ब्लूज. तिचं गाणं कुणीही कुठेही कितीदाही उतरवलं तरी तिचं नाव त्याच्या मागोमाग येतंच.

आता तुम्ही विचारणार, मला एवढं सगळं कसं माहीत. सांगते. लॅमिंग्टन रोडवरून मीही एक प्लेअर घेतलाय. जुना, पाच बटणांचा, बॅटरी नवीन टाकून दिलेला. रंग उडालाय, पण देवनागरी उमटते आणि उचकी देत नाही. आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तांदळाच्या डब्यात असतो. गाणी काकांनीच भरून दिली, "कुणाला देऊ नका" म्हणून.

त्यातल्या एका फाईलीचं नाव नुसतं 'ट्रॅक ०७' आहे. बाईचा आवाज, बावीस मिनिटं, बहुतेक यमन. सतराव्या मिनिटाला मागे कुकरची शिट्टी होते आणि गाणारी बाई त्याच सुरात हसून पुढची तान घेते. चिठ्ठीत प्रकार: ब्लूज. नाव: काही नाही. काका, प्राध्यापक, ठाण्याचे गृहस्थ, कुणालाही आवाज ओळखता आलेला नाही. तुमच्या घरात, नात्यात कुणी असं गात होतं का, आठवून पाहा, आणि आठवलं तर तिसऱ्या मजल्यावर कळवा. माझ्याकडे फाईल आहे हे मात्र सांगू नका.